सतरा नंबरचा निबंध

१

पहिल्या बक्षिसाचा निबंध गठ्ठ्यात नव्हता. बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या मराठी मंडळाचे चिटणीस जयतीर्थ यांनी गठ्ठा एकदा सरळ चाळला, एकदा उलटा चाळला, मग सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. सोळा नंबर होता, अठरा होता. मधला सतरा तेवढा नव्हता.

"बिंदूअण्णा, तुम्ही बघा," ते म्हणाले. "माझं डोकं चालेना."

बिंदुमाधवांनी पाहिलं. विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणून त्यांनी उभी हयात जळालेली गोदामं आणि चेपलेल्या मोटारी बघण्यात घालवली होती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. निवृत्तीनंतर त्याचा जाच घरच्यांना होत होता. दुधाची पिशवी फुटली असं सुनेनं सांगितलं, तर आधी पिशवी दाखव म्हणणारा हा गृहस्थ.

पण इथे बघायला काही नव्हतंच. कपाटाचं कुलूप धड होतं. किल्ल्या तिघांकडे: चिटणीस जयतीर्थ, खजिनदार यशोवर्धन, आणि ग्रंथपाल धनलक्ष्मी, कारण मंडळाची पुस्तकंही त्याच कपाटात असत.

हायस्कूलच्या मुलांसाठी नागरिकशास्त्राची निबंधस्पर्धा हा मंडळाचा जुना उपक्रम. यंदाचा विषय होता 'चांगल्या नागरिकाची कर्तव्ये'. गेल्याच्या गेल्या रविवारी मुलांनी मंडळाच्या हॉलमध्ये बसून निबंध लिहिले. कागदावर फक्त नंबर, नावं वेगळ्या पाकिटात. पुढच्या रविवारी परीक्षण झालं, तेही मंडळाच्या नेहमीच्या रीतीनं. बेंगळुरूतली मराठी मुलं घरच्या सवयीप्रमाणे कुणी देवनागरीत मराठी लिहितात, कुणी कन्नड लिपीत. लिपी आणि अक्षर बघून मन कलू नये, म्हणून परीक्षकांनी कागद हातात घ्यायचाच नाही. धनलक्ष्मीअक्का एकेक निबंध मोठ्यानं वाचणार आणि परीक्षक ऐकून गुण देणार. यंदा परीक्षक दोन होते. एक निवृत्त शिक्षक भीमाचार्य, आणि दुसरे खुद्द बिंदुमाधव.

सतरा नंबर ऐकताना बिंदुमाधवांना चष्मा काढून पुसावा लागला होता. पाकीट उघडल्यावर नाव निघालं भार्गवी पाच्छापुरे. हेब्बाळची, दहावीतली मुलगी. तिचे वडील नागराज गेल्या वर्षी संध्याकाळी बसमधून उतरून घरी येताना उघड्या गटारात पडून गेले. रस्त्यावरचे दिवे बंद होते आणि गाळ काढायला उचललेली फरशी कुणी परत बसवली नव्हती. पोलिसांनी कागदावर लिहिलं, 'स्वतःच्या हलगर्जीपणामुळे'. विषय तिथेच मिटला.

निबंधातलं एक वाक्य बिंदुमाधवांच्या मनातून जात नव्हतं. 'बाबा जिथे पडले तिथे आता एक पिवळा पत्रा उभा आहे. त्याच्यावर नव्या घरांची जाहिरात आहे आणि एक कुटुंब हसतं आहे.'

येत्या रविवारी बक्षीस समारंभ होता. प्रमुख पाहुणे होते महापालिकेच्या त्याच भागाच्या विभाग कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी. पहिल्या बक्षिसाचा निबंध पाहुण्यांच्या हाती देऊन सभेत वाचायचा ही प्रथा. म्हणजे ज्यांनी वर्षभर भार्गवीच्या आईला या टेबलावरून त्या टेबलाकडे पाठवलं, त्यांना चारचौघांत बसून ते ऐकावं लागणार होतं. त्या घरासाठी असा दिवस पुन्हा येणार नव्हता.

"आणि आता कागदच नाही," जयतीर्थ म्हणाले. त्यांनी दार लोटून घेतलं. "ड्रेनेजच्या कामाचे ठेके कोण घेतो, तुम्हाला ठाऊक आहे. किल्लीही त्याच्याकडे आहे. परवापर्यंत निबंध सापडला नाही, तर मी सभेत यशोवर्धनचं नाव घेणार. मग मंडळ फुटलं तरी चालेल."

२

यशोवर्धन त्यांना साईटवरच भेटला. पन्नाशीचा, उन्हात रापलेला माणूस. बिंदुमाधवांनी प्रस्तावना करायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"कळलं अण्णा. सकाळपासून तीन जणांनी फोन करून 'काही नाही, सहज' म्हणून ठेवला. चला, जागेवरच जाऊन बोलू."

हेब्बाळ तळ्याच्या मागच्या बाजूला दोन वळणं घेऊन गाडी एका गल्लीत थांबली. रस्त्याच्या कडेनं गटार जात होतं, वर दगडी फरशा, ज्यांना इकडे चप्पडी म्हणतात. एका ठिकाणी चप्पडी नव्हती. ती शेजारीच भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर शेवाळ चढलं होतं. भोकाच्या तोंडाशी पिवळ्या पत्र्याचं बॅरिकेड उभं होतं. पत्र्यावर नव्या फ्लॅटची जाहिरात, आई, बाप, दोन मुलं, सगळी हसणारी.

बिंदुमाधव बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. निबंधातलं ते हसणारं कुटुंब आता डोळ्यांसमोर होतं.

"या गल्लीचं काम माझं नव्हतं," यशोवर्धन म्हणाला. "ज्याचं होतं तो बिल घेऊन गेला. मी कार्यालयात दोनदा सांगितलं, चप्पडी बसवतो, माझ्या माणसांकडून बसवतो. म्हणाले, तुमचा ठेका नाही, हात लावू नका. आमच्या धंद्यात त्यांच्याशी वाकडं घेता येत नाही अण्णा. मी गप्प बसलो."

"आणि निबंध वाचला जाणार म्हटल्यावर?"

"मला बरं वाटलं." त्यानं खाली बघितलं. "स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये मुलांना पाणी द्यायला मी होतो. ती पोर खिडकीशी बसली होती. नागराजची मुलगी आहे हे मला माहीत होतं. घरी जाऊन जेवण गेलं नाही. म्हटलं, चप्पडीला हात लावू नका म्हणाले, बॅरिकेड ठेवू नका असं तर कुणी म्हटलं नाही. गुरुवारी टेम्पो मोकळा होता, माझ्या साईटवरचा हा पत्रा उचलला आणि आणून ठेवला."

"कुठल्या गुरुवारी?"

"स्पर्धा झाली ना, त्यानंतरच्या. का?"

बिंदुमाधव पत्र्याला हात लावून उभे होते. समोरच्या दुकानदाराला त्यांनी कन्नडमधून विचारलं. तोही म्हणाला, हो, यशोवर्धन साहेबांच्या टेम्पोतून आला, त्याआधी वर्षभर इथे झाडाच्या फांदीशिवाय काही नव्हतं.

यशोवर्धन खोटं बोलत नव्हता. आणि मुलांनी निबंध लिहिले रविवारी. जो पत्रा गुरुवारी इथे आला, तो भार्गवीनं आधीच्या रविवारी कसा पाहिला?

३

रहस्यात एक गाठ सुटली की दुसरी बसते. बिंदुमाधवांनी परतताना रिक्षात हिशेब मांडला. भार्गवीनं हॉलमध्ये दुसरंच काही लिहिलं असेल, आणि नंतर कुणीतरी घरी लिहिलेला चांगला निबंध गठ्ठ्यात सरकवला असेल. मग तो पकडला जाऊ नये म्हणून पुन्हा काढूनही घेतला असेल. हे जमण्यासारखं होतं. फक्त त्या मुलीबद्दल असं मनात आणायला जीव धजत नव्हता.

मूळ कागद दाखवा, अशी मागणी करून ज्यांनी कपाट उघडायला लावलं, त्या क्षमाबाई मारतहळ्ळीला राहत. पुण्याहून येऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती. मुलगा अभिमन्यू स्पर्धेत दुसरा आला होता. त्या ऑफिसमधून खाली कँटीनमध्ये आल्या.

"काका, प्लीज गैरसमज नको. सेकंड आला याचं मला काहीच नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्या मुलीचं जे झालं ते हॉरिबल आहे. म्हणूनच मी डायरेक्ट बोलले नाही, फक्त ओरिजिनल डिस्प्ले करा म्हटलं."

"डायरेक्ट काय बोलायचं होतं?"

क्षमाबाईंनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. "अभिमन्यू तिच्या शेजारच्या बाकावर होता. तो म्हणतो, आई, ती लिहीतच नव्हती. पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. मग फर्स्ट प्राइझचा एसे आला कुठून? मुलगा खोटं बोलत नाही माझा. पण हे जाहीर बोलले असते तर मी किती वाईट दिसले असते, सांगा."

वाईट दिसण्याची भीती बाळगूनही त्यांनी जे केलं ते सरळ होतं, हे बिंदुमाधवांना मान्य करावं लागलं. ते तसेच उठून भार्गवीच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर नागराजचा फोटो, अंगात लिफ्ट कंपनीचा गणवेश. भार्गवीची आई शिवलीला निपाणीकडची. तिनं खुर्ची पुसून दिली.

"बसा की. चहा ठेवते. आणि तुम्हीच विचारा तिला. चिटणीस साहेबांनी फोन केलता, पुन्हा लिहून दे म्हणून. नाही म्हणाली. एवढी माणसं धडपडायला लागलीत आमच्यासाठी, आणि हिला काय झालंय कळंना."

भार्गवी दारात उभी होती. सडपातळ मुलगी, शाळेचा गणवेश अजून अंगावर.

"निबंध हरवला, त्यात तुझा दोष नाही," बिंदुमाधव म्हणाले. "पण तू तोच पुन्हा लिहू शकतेस. तुला तर सगळं आठवत असेल."

ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली.

"भार्गवी, मी विमा कंपनीत होतो. लोक माझ्याशी खोटं बोलायचे, मला राग यायचा नाही. तुला काही सांगायचं असेल तर सांग."

तिनं आत स्वयंपाकघराकडे बघितलं. स्टोव्हचा आवाज येत होता. मग ती जवळ आली आणि हळू आवाजात तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही ऐकलात ना तो निबंध?"

"ऐकला."

"मग मला सांगा ना, काय होतं त्यात?"

४

हा प्रश्न बिंदुमाधवांच्या डोक्यात घोंगावत राहिला. चोरी करणारी मुलगी असा प्रश्न विचारत नाही. घरी दुसऱ्याकडून लिहून घेतलेली मुलगीसुद्धा विचारणार नाही, तिनं निदान तो वाचला तरी असता. भार्गवीला खरंच ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी ते भीमाचार्यांकडे गेले. आचार्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन परीक्षणाच्या आदल्या आठवड्यातच झालं होतं, त्यामुळे निबंध ऐकताना ते काळा चष्मा लावून, डोळे मिटून बसले होते. कान मात्र अजून तिखट.

"आचार्य, सतरा नंबर तुम्ही कसा ऐकलात?"

"कसा म्हणजे? बरा ऐकला. बाकीच्यांना मी सहा-सात दिले, त्याला नऊ दिले."

"मजकूर नाही विचारत. आवाज विचारतोय. सुरुवातीपासून सांगा. जसं आठवेल तसं."

आचार्यांनी मांडीवर हात ठेवले. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"धनलक्ष्मी बाकीचे निबंध वाचताना अडखळायची," ते म्हणाले. "पोरांची अक्षरं ती. 'स्वल्प थांबा हं' म्हणायची, एक शब्द पुन्हा वाचायची, पान उलटायची. सतराला ती अडली नाही."

"अक्षर चांगलं असेल."

"असेल. पण पानही उलटलं नाही. एवढा मोठा निबंध, एका पानावर मावणारा नव्हे. कागदाचा आवाजच आला नाही मला. आणि दुसरी गोष्ट. मी चाळीस वर्षं वर्गात मुलांकडून धडे वाचून घेतले. वाचणारा माणूस ओळ संपली की श्वास घेतो, मग वाक्य मधेच तुटलं तरी चालतं त्याला. धनलक्ष्मी वाक्य संपल्यावर श्वास घेत होती. माणूस मनातलं बोलतो तेव्हा असा बोलतो." आचार्य थांबले. "बिंदू, तू तर समोरच होतास. तुझे डोळे चांगले आहेत. तू बघितलं असशीलच की कागदाकडे."

बिंदुमाधवांनी कागदाकडे पाहिलंच नव्हतं. कागद परीक्षकांनी बघायचा नाही हा नियम, आणि इतकी वर्षं तो कुणाला खटकला नव्हता. कन्नड लिपीत असेल म्हणून आचार्य समजले. देवनागरीत असेल म्हणून ते स्वतः समजले. ऐकलं दोघांनी, डोळे भरून आले, गुण दिले. निबंध कपाटातून कुणी नेला, असं शुक्रवारपासून सगळे विचारत होते, आणि प्रश्नच चुकीचा होता.

तो निबंध नेणार कोण? तो कधी लिहिलाच गेला नव्हता.

५

मंडळाच्या वाचनालयात दुपारी कुणी नसे. धनलक्ष्मीअक्का पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. साठी उलटलेली, एकटी राहणारी बाई. त्यांच्या घराण्याची बेंगळुरूतली कितवी पिढी, हे त्या स्वतःही मोजत नसत. शनिवारच्या देवनागरीच्या वर्गात त्यांनी कितीतरी मुलांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. भार्गवी त्यांतलीच.

बिंदुमाधव समोर बसले. "अक्का, तुम्ही हेब्बाळला त्या गल्लीत कधी गेला होता?"

त्यांचा हात थांबला.

"पिवळा पत्रा गुरुवारी आला. मुलांनी लिहिलं त्या आधीच्या रविवारी. परीक्षण झालं त्यानंतरच्या रविवारी. म्हणजे पत्र्याचं वाक्य मुलांच्या हॉलमध्ये लिहिलं गेलं नाही, परीक्षणाच्या खोलीत बोललं गेलं. शेजारच्या मुलानं तिला लिहिताना पाहिलं नाही. आचार्यांना पान उलटल्याचा आवाज आला नाही. आणि भार्गवी मला विचारते, माझ्या निबंधात काय होतं. खोलीत आपण तिघंच होतो अक्का. आम्ही दोघे ऐकत होतो."

धनलक्ष्मीअक्कांनी कात्री खाली ठेवली. बचाव करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"परीक्षणाच्या आधीच्या शुक्रवारी गेले होते मी त्या गल्लीत," त्या म्हणाल्या. "ती नेहमी सांगायची, एकदा बघून यावंसं वाटलं. तो हसरा पत्रा बघून माझ्या अंगाची आग झाली. मग रविवारी सोळा नंबर वाचून झाला, सतरा उचलला, आणि तो कोरा. वर नंबर, मंडळाचा शिक्का, बाकी काही नाही. अक्षर-बिक्षर काही नाही अण्णा. नंबर तिचा आहे हे मला माहीत होतं, हॉलमध्ये मीच कागद वाटले होते. तुम्ही दोघे वाट बघत होतात. 'कोरा आहे' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं, आणि मग मला थांबता आलं नाही."

"तुमचं वाक्य."

"तिचं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "वर्ग सुटला की ती मागे थांबायची. वर्षभर तिनं मला हेच सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. ते सगळं तिचं होतं. कागदावर नव्हतं एवढंच. पाहुणे कोण येणार हे मला माहीत होतं. आज ती बोलली नाही तर तिच्या बापाबद्दल कोण बोलणार होतं, सांगा? कागद पर्समध्ये टाकला. म्हटलं, तिच्याकडून लिहून घेईन आणि ठेवून देईन परत. गेले तिच्या घरी. तिनं साफ नाही म्हटलं."

"का?"

"सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही ती."

बिंदुमाधवांना त्यांचा राग यायला हवा होता. तो येईना. त्यांनी फक्त दुसरी बाजू पुढे ठेवली. "उद्या जयतीर्थ सभेत यशोवर्धनला चोर म्हणणार आहेत."

अक्कांचा चेहरा उतरला. त्यांना ते ठाऊक नव्हतं. कात्री, कव्हरं सगळं तसंच टाकून त्या उठल्या आणि पर्समधून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. "चला. आधी तिला देऊ. मग मी जयतीर्थना भेटते."

भार्गवीनं दार उघडलं आणि दोघांना एकत्र बघून तिला सगळं समजलं. अक्कांनी कागद पुढे केला. काय काय वाचलं, ते त्यांनी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. पत्र्याचं वाक्य आलं तेव्हा ओठ चावून तिनं मान वळवली.

"मी विसरले नव्हते अक्का," ती म्हणाली. "मला लिहिता येत नव्हतं असंही नाही. विषय काय होता? चांगल्या नागरिकाची कर्तव्ये. बाबांनी सगळी केली होती. मत द्यायला सकाळी पहिले जायचे. टॅक्स भरायचे. कंपनीत लिफ्टचं दार उघडायच्या आधी दोरी बांधायचे, कुणी पडू नये म्हणून. मग मी काय लिहायचं? आणखी कुठलं कर्तव्य करायला हवं होतं त्यांनी? मी खूप विचार केला आणि कोरा दिला. मुद्दाम दिला. आता शाळेत, बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, फार छान लिहिलंस. मला बाबांवर छान लिहायचं नव्हतं."

धनलक्ष्मीअक्का दारातच खाली बसल्या. "चुकलं माझं, बाळ," त्या म्हणाल्या. "मी तुझं बोलणं उचललं. तुला विचारायला हवं होतं."

भार्गवी त्यांच्याशेजारी बसली. मग तिनं कागदाच्या घड्या उलगडून गुडघ्यावर सारख्या केल्या. "हा माझा आहे ना?" तिनं बिंदुमाधवांना विचारलं. "उद्या मी येते."

६

रविवारी हॉल भरला होता. चोरी कुणी केली हे ऐकायला निम्मे लोक आले होते, हे सांगायला सर्व्हेअर लागत नाही.

धनलक्ष्मीअक्का स्वतः माइकपुढे उभ्या राहिल्या. कपाटातून काही चोरीला गेलेलं नाही, सतरा नंबरचा कागद कोरा होता, आणि परीक्षकांना जे ऐकवलं ते माझं होतं, असं त्यांनी सांगितलं. यशोवर्धनवर मनातल्या मनात ज्यांनी संशय घेतला त्यांनी तो काढून टाकावा, हेही सांगितलं. जयतीर्थांनी उठून यशोवर्धनचा हात हातात घेतला. त्यांच्या मानानं ते पुष्कळ होतं. पहिलं बक्षीस अभिमन्यूला जाहीर झालं. प्रथेप्रमाणे त्याचा निबंध वाचून झाला. टाळ्या वाजल्या, पण थोड्याच. क्षमाबाई रडत होत्या आणि आपण का रडतो आहोत ते शेजारणीला सांगू शकत नव्हत्या.

आता पाहुणे मोकळे झाले. भार्गवीचा निबंधच नव्हता, त्यामुळे टोचणारं असं ऐकायचं काही उरलं नव्हतं. अधिकारी शालीची घडी घालू लागले, आणि खाली बसलेल्या बिंदुमाधवांना वाटलं, आपण खरं शोधून काढलं आणि त्या पोरीच्या हातातली एकुलती एक संधी घालवली. हे वाटणं फार जड होतं.

तेवढ्यात भार्गवी उठली. आईनं तिचा हात धरला नाही, बरोबर चालत आली. पायऱ्या चढून दोघी टेबलापाशी गेल्या. भार्गवीनं कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवला.

त्यांनी तो उचलला. उलटा करून बघितला. "इदरल्ली एनू इल्ला," ते कन्नडमध्ये म्हणाले. यात काहीच नाही.

"हो सर," ती कन्नडमध्येच उत्तरली. माइक चालू होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "नागरिकाची कर्तव्यं लिहायची होती. माझ्या वडिलांची सगळी करून झाली होती, म्हणून मी काही लिहिलं नाही. आता राहिलेली तुमची आहेत. ती मला माहीत नाहीत. तुम्ही लिहा."

अधिकाऱ्यांनी शिवलीलाबाईंना ओळखलं आणि जयतीर्थांकडे बघितलं. कुठल्याही पाहुण्याची कुठल्याही प्रसंगातून सुटका करणारे जयतीर्थ या वेळी जागचे हलले नाहीत. पहिल्या रांगेतून यशोवर्धन उठला, वर गेला, खिशातलं पेन टेबलावर ठेवून शिवलीलाबाईंच्या शेजारी उभा राहिला. आपल्या धंद्याचं काय होईल ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"हे बघ बाळा," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ते काम माझ्या बदलीच्या आधीचं आहे. चप्पडी कुणी काढली, का बसवली नाही, मला खरंच माहीत नाही."

"मग तेच लिहा सर. वर्षभरात आम्हाला तेवढंसुद्धा कुणी लिहून दिलं नाही."

त्यांनी पेन उचललं. टोपण काढायला त्यांना वेळ लागला. वडिलांचं पूर्ण नाव त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. ते लिहू लागले. पहिल्या दोन ओळी सावकाश, मग थोड्या वेगानं, एकदा थांबून त्यांनी काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पानाच्या मध्यावर आल्यावर त्यांनी घाम पुसला. चप्पडी कधी बसेल ती तारीख त्यांनी सगळ्यात शेवटी घातली.

कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला. भार्गवीनं तो उभ्यानंच वाचला, मग आईला वाचून दाखवला, हळू, प्रत्येक शब्द. 'हलगर्जीपणा' हा शब्द त्यातही होता. या वेळी तो नागराजच्या नावापुढे नव्हता. शिवलीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

भार्गवीनं कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि बोटानं खालची मोकळी जागा दाखवली.

"सही राहिली, सर."